आधी पगार की आधी काम? : ना. म. जोशी यांचे जीवनकार्य

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

मुंबईत लोअर परळ स्टेशनाबाहेर पडले की ना. म. जोशी मार्ग लागतो. जुनी माणसे त्याला अजूनही डिलाईल रोड म्हणतात. एके काळी या भागात जिकडे पाहावे तिकडे कापडगिरण्यांची धुराडी दिसत, आणि गिरणीत राबणाऱ्यांसाठी १९२० नंतरच्या दशकात सरकारने बांधलेल्या बी. डी. डी. चाळीही याच रस्त्याला आहेत. जोशींचे नाव अशा रीतीने रोज हजारो लोकांच्या तोंडी येते. परंतु हे जोशी कोण, असे विचारले तर सांगणारा विरळा. कामगार चळवळीचा विषय निघाला की आपल्याला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात आणि कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे आठवतात. डांगे तर आपल्याच जिल्ह्यातले, निफाड तालुक्यातील करंजगावचे. या दोन नावांच्या मध्ये तिसरे एक नाव आहे आणि ते फारसे गाजलेले नाही. गाजावे असा त्या माणसाचा स्वभावही नव्हता.

त्यांच्याविषयी लिहावे असे मला वाटले, त्याला कारण झाला अर्थशास्त्राच्या तासाला निघालेला एक प्रश्न. कामगाराचे वेतन त्याच्या कार्यक्षमतेवर ठरते, असा एक विचार आहे. कामगाराची कार्यक्षमताच मुळी त्याच्या वेतनावर अवलंबून असते, असा दुसरा. पहिल्या विचाराप्रमाणे कामगाराने आधी जास्त काम करून दाखवावे, मग पगार मागावा. दुसऱ्याप्रमाणे आधी त्याला पोटभर खाता येईल इतका पगार मिळावा, मग कामाची अपेक्षा करावी. पुस्तकात हे दोन परिच्छेदांत आटोपते. मुंबईच्या कापडगिरण्यांत मात्र याच प्रश्नावर दीड लाख माणसे सहा महिने घरी बसली होती, आणि या वादात दोन्ही बाजूंचे कागद बारकाईने वाचणारा एक माणूस कामगारांच्या बाजूला होता. तेच नारायण मल्हार जोशी.

त्यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगडमधील, गोरेगाव येथे झाला. शिक्षण पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व पुढे डेक्कन कॉलेजात. १९०१ मध्ये ते पदवीधर झाले. पदवीधराला सरकारी नोकरीची दारे उघडी असण्याचा तो काळ. जोशी यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि सुमारे आठ वर्षे मुलांना शिकवले. पुढे आयुष्यभर त्यांच्या बोलण्यालिहिण्यात हा मास्तर डोकावत राहिला असे मला वाटते. फळ्यावर गणित पायरीपायरीने सोडवून दाखवावे तशी त्यांची मांडणी असे. टाळ्या घेणारे वाक्य त्यांच्याजवळ नव्हते.

१९०९ मध्ये ते नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. गोखल्यांनी ही संस्था १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केली होती. तिच्या सभासदाने जन्मभर देशकार्य करायचे, संस्था देईल त्या बेताच्या रकमेत संसार चालवायचा आणि स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, असा नियम होता. ज्या माणसाने पुढे चाळीस वर्षे इतरांच्या पगाराचा हिशेब मांडला, त्याने स्वतःच्या पगाराचा प्रश्न असा तिशीतच निकालात काढला होता.

समाजाच्या कामासाठी जोशी मुंबईला आले. १९११ मध्ये तेथे सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या कामाचा भार त्यांनी उचलला. परळ भागात कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, पेटीतून चाळीचाळीत फिरणारी पुस्तके, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी कामे लीगने हाती घेतली. आज ही यादी वाचताना ती कोणत्याही समाजसेवी संस्थेची वाटेल. पण या कामांमुळे जोशी कामगाराच्या खोलीपर्यंत पोहोचले, आणि गिरणीच्या फाटकावर उभे राहून जे दिसत नाही ते त्यांना तेथे दिसले.

काय दिसले असेल? रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेले हे लोक. बायकामुले पुष्कळदा गावी, आणि पुरुष एका खोलीत दाटीवाटीने राहून खानावळीत जेवणारे. काम मिळवायचे तर जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. पगार महिना उलटून गेल्यावर कितीतरी दिवसांनी हातात पडे, त्यामुळे मधल्या काळात वाणी आणि सावकार हेच आधार. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती. गिरणीत तर १९११ च्या कायद्यानेही प्रौढ पुरुषाला दिवसाचे बारा तास काम करता येत होते. तासांवरची ही मर्यादासुद्धा नवीनच होती.

मालकांची त्या काळची नेहमीची तक्रार अशी की मुंबईचा कामगार यंत्राजवळ टिकत नाही. विडी ओढायला जातो, पाणी प्यायला जातो, आवारात रेंगाळतो. १९०८ च्या कारखाना कामगार आयोगापुढेही ही तक्रार झाली होती आणि ती खोटी नव्हती. कामगार खरोखरच रेंगाळत. परंतु तापलेल्या, दमट, सुताच्या तुसांनी भरलेल्या खात्यात बारा तास उभे राहायचे, तर माणूस आपली ताकद बारा तासांवर पसरूनच वापरणार. आमच्या गावी शेतावर रोजाने जाणाऱ्या बाया हे जाणतात. दिवस मावळेपर्यंत काम असले की हात सावकाश चालतो, आणि उक्ते काम असले की भराभर. जोशी यांनी कामाचे तास कमी करण्याची बाजू सतत लावून धरली. माणुसकीचा मुद्दा तर तीत होताच, पण थकलेल्या माणसाकडून जास्त तास घेतल्याने जास्त कापड निघत नाही, हाही होता.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी यांना पाठवले. सरकारने कामगारांना न विचारता प्रतिनिधी निवडला म्हणून देशात बरीच नाराजी झाली. त्या नाराजीतून, आणि पुढच्या परिषदेला आपला माणूस आपणच पाठवायचा तर आपली देशव्यापी संघटना हवी या जाणिवेतून, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय होते. जोशी संस्थापकांपैकी एक होते. म्हणजे ज्यांच्या नेमणुकीवरून आक्षेप निघाला, तेच गृहस्थ संघटना उभी करणाऱ्यांतही होते! वॉशिंग्टनच्या परिषदेत हिंदुस्थानपुरता आठवड्याला साठ तासांचा करार ठरला आणि त्याप्रमाणे १९२२ च्या दुरुस्तीने कारखान्यातील तास दिवसाला अकरा व आठवड्याला साठ झाले.

१९२१ पासून १९४७ पर्यंत जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे सरकारनियुक्त प्रतिनिधी होते. सरकारनियुक्त या शब्दावरून त्यांच्यावर टीका होत असे आणि ती अगदीच गैरलागू होती असे म्हणता येणार नाही. मते मागून ते तेथे गेलेले नव्हते. मात्र त्या खुर्चीचा त्यांनी काय उपयोग केला तेही पाहिले पाहिजे. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरण्यांच्या प्रकरणात युनियनच्या पुढाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा लागला होता. संघटना करणे हाच गुन्हा ठरेल अशी ती वेळ. मार्च १९२१ मध्ये जोशी यांनी कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे असा ठराव कायदेमंडळात मांडला आणि पाच वर्षांनी, १९२६ मध्ये, ट्रेड युनियन कायदा झाला. १९२४ मध्ये त्यांनी स्त्री कामगारांना बाळंतपणात भत्ता व रजा मिळावी म्हणून विधेयक आणले. ते फेटाळले गेले. चारपाच वर्षांनी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांताने त्याच विषयावर कायदा केला. गिरणीत राबणारी बाई बाळंत होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत उभी राहते, या गोष्टीची नोंद कार्यक्षमतेच्या कोणत्याही तक्त्यात तोवर नव्हती.

आता मूळ विषयाकडे येते. पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी अफाट नफा मिळवला. कामगारांनाही १९१७ पासून दरवर्षी बोनस मिळू लागला. १९२३ मध्ये मालकांनी तो बंद केला आणि १९२४ च्या आरंभी त्यावर मोठा संप झाला. कामगार हरले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२५ मध्ये, मालकांनी पगारात शेकडा साडेअकरा कपात जाहीर केली. पुन्हा संप. मालकांचे म्हणणे असे की सरकारने कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर उठवावा, म्हणजे कपात मागे घेऊ. कर बसवला सरकारने, पोट मात्र कामगाराचे आवळले! डिसेंबर १९२५ मध्ये कर तहकूब झाला, कपात रद्द झाली आणि संप मिटला. या अनुभवानंतर जानेवारी १९२६ मध्ये जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई टेक्सटाईल लेबर युनियन स्थापन झाली. वर्गणी, पावती, हिशेब, तक्रारीचा अर्ज अशा शिस्तीने चालणारी ही युनियन होती.

जपानी कापडाची स्पर्धा तोवर वाढली होती. धंद्याची चौकशी करण्यासाठी सरकारने टॅरिफ बोर्ड नेमले आणि १९२७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात काही आकडे होते आणि पुढच्या साऱ्या भांडणाचे बीज त्यात आहे, म्हणून ते देते. एक कामगार किती चात्या सांभाळतो? हिंदुस्थानात १८०, जपानात २४०, इंग्लंडात ५४० ते ६००, अमेरिकेत १,१२०. मुंबईचा विणकर दोन माग चालवतो, लँकेशायरचा चार किंवा त्याहून जास्त.

हे आकडे प्रथम वाचले तेव्हा मला वाईट वाटले. आपली माणसे इतकी मागे? पण नंतर घरचीच गोष्ट आठवली. माझे वडील मालेगावात यंत्रमागावर काम करतात. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. बारा तासांची पाळी, आठ माग, आणि मजुरी मीटरवर. ज्या आठवड्यात सूत चांगले येते त्या आठवड्यात मजुरी बरी पडते. सूत कच्चे आले की धागा सारखा तुटतो, माग उभा राहतो, वडील या मागावरून त्या मागावर धावत गाठी मारत बसतात आणि हिशेबाच्या दिवशी मीटर कमी भरतात. वीज गेली तर तेवढा वेळ नुसते बसून राहायचे. त्याचे पैसे कोणी देत नाही. वडील तेच, हात तेच, कसबही तेच. मग कमी झाली ती कार्यक्षमता कोणाची? सूत विकत घेणाऱ्याची, विणणाऱ्याची, की वीज देणाऱ्याची?

१९२७-२८ मध्ये कामगारपक्षाचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते. चात्यांची संख्या हे काही कामगाराच्या अंगातल्या गुणाचे माप नव्हे. लांब धाग्याचा चांगला कापूस असला, यंत्र नवे असले, खात्यातला दमटपणा नीट राखला असला तर सूत कमी तुटते आणि एक माणूस पुष्कळ चात्यांवर लक्ष ठेवू शकतो. आखूड धाग्याचा कापूस, त्यात स्वस्त मालाची भेसळ, जुनी यंत्रे आणि भट्टीसारखे खाते असले, तर १८० चात्यांवरही दमछाक होते. या सर्व गोष्टी मालकाच्या हातातल्या. शिवाय अर्धपोटी, कर्जबाजारी, एका खोलीत आठ माणसांत झोपणाऱ्या कामगाराची तुलना लँकेशायरच्या कामगाराशी करायची, तर त्याच्या पगाराशीही करायला नको का? जोशी यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी कार्यक्षमता हा शब्द कधी झिडकारला नाही. तो वाढावा असेच ते म्हणत. मात्र त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि फायदा कोणी घ्यायचा, हे आधी ठरले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता.

मालकांनी ते ठरवण्याची वाट पाहिली नाही. ससून गटाच्या गिरण्यांत नवी पद्धत सुरू झाली. कताईत एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या, विणाईत दोनऐवजी तीन माग. पगार वाढवला होता, पण काम ज्या प्रमाणात वाढले त्या प्रमाणात नाही. आणि दोन माणसांचे काम एकाला दिले की दुसरा माणूस फाटकाबाहेर जातो, हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. जानेवारी १९२८ मध्ये या गिरण्यांत संप झाला. लगेच सार्वत्रिक संप नको, तयारी अपुरी आहे, असे जोशींचे मत होते. कामगारांनी ते मानले नाही. एप्रिल १९२८ मध्ये एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या आणि २६ एप्रिलपर्यंत जवळजवळ सर्व मुंबई थांबली.

येथे आपल्या जिल्ह्याचे डांगे येतात. ते तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते आणि कानपूर खटल्याची शिक्षा भोगून नुकतेच सुटले होते. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली, अर्जुन आत्माराम आळवे अध्यक्ष आणि डांगे सरचिटणीस. मुंबईच्या लाल बावट्याची ही सुरुवात. जोशींची युनियन आणि लाल बावटा यांचे विचार जुळणारे नव्हते. एकाचा भर वाटाघाटींवर, दुसऱ्याचा लढ्यावर. तरीही दोघांनी मिळून संयुक्त संप समिती केली आणि सतरा मागण्या मांडल्या. पन्नाशीला टेकलेले मास्तर आणि तिशीही न गाठलेला क्रांतिकारक एका टेबलाशी बसले आहेत, हे चित्र मला फार आवडते. दोघांचे पटत नसणार, हेही उघड आहे.

त्या सतरा मागण्यांत पगारकपात नको, तीन मागांची पद्धत नको या मोठ्या मागण्या तर होत्याच, पण काही लहान मागण्याही होत्या. त्यांवरून गिरणीतले रोजचे जीवन जास्त कळते. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. त्याला डबल खाडा म्हणत. विणताना कापडात दोष राहिला तर ते खराब कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापून घेत. सूत मालकाचे, माग मालकाचा, दोष कशाने आला ते ठरवणारा मालकाचा माणूस, आणि किंमत मात्र कामगाराची. विणकर असे हातात कापडाचा तागा घेऊन घरी जात. हे बंद करा, अशी ती मागणी होती.

संप चालला सहा महिने. पावसाळ्यात हजारो कामगार कोकणात आणि घाटावर आपल्या गावी निघून गेले. राहिलेल्यांना समितीकडून धान्य वाटले जाई. सुमारे दीड लाख कामगार आणि दोन कोटींच्या वर बुडालेले कामाचे दिवस, असा हा हिशेब आहे. मालकांनी सर्व गिरण्यांना सारखे लागू होतील असे प्रमाणित दर पुढे केले. एकाच कामाला प्रत्येक गिरणीत वेगळा दर असू नये, हे तत्त्व कामगारांच्या युनियनांनाही मान्य होते. पण मालकांच्या दरपत्रकात विणकरांची शेकडा साडेसात कपात लपलेली होती. प्रमाण ठरवायचे ते खालच्या पातळीवर की वरच्या, एवढाच काय तो मतभेद! ऑक्टोबर १९२८ च्या आरंभी तडजोड झाली, जुन्या दरांवर काम सुरू झाले आणि वादाचे मुद्दे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या चौकशी समितीकडे गेले.

या समितीपुढचे काम म्हणजे जोशींच्या आवडीचे काम. किती अंकाचे सूत, किती रुंद कापड, किती वेग, किती मजुरी, अशा तपशिलांत महिनोन्महिने सुनावणी चालली. दोन्ही युनियनांच्या पुढाऱ्यांनी कामगारांची बाजू मांडली. मार्च १९२९ मध्ये अहवाल आला. साडेसात टक्के कपात तत्त्वतः गैर नाही, पण मालकांनी ती आता लागू करू नये, असा समितीचा सल्ला होता. कार्यक्षमतेच्या नव्या पद्धतीलाही समितीने मान्यता दिली, मात्र सूत, यंत्रे, खात्यातली हवा यांची स्थिती चांगली असली पाहिजे, अशी अट त्याबरोबर आली. मला ही अट सर्वांत महत्त्वाची वाटते. कार्यक्षमतेची अर्धी जबाबदारी मालकाची आहे, ही गोष्ट येथे सरकारी कागदावर आली.

कागदावरच राहिली, असेही म्हणता येईल. त्याच महिन्यात, २० मार्च १९२९ रोजी, मीरत खटल्यासाठी डांगे व त्यांचे सहकारी पकडले गेले. एप्रिलमध्ये लाल बावट्याने दुसरा सार्वत्रिक संप पुकारला आणि तो सप्टेंबरपर्यंत रेटूनही फसला. १९२८ च्या अखेरीस पन्नास हजारांवर सभासद असलेली युनियन विस्कटली. जोशींची युनियन तर त्याआधीच मागे पडली होती. लढ्याच्या काळात कामगार लाल बावट्याकडे गेले आणि ते स्वाभाविक होते. अर्जाचा मसुदा कितीही बिनचूक असला, तरी उपाशी माणसाला तो वाचायला दम नसतो. मी त्या काळात परळला असते तर बहुधा मीही डांग्यांच्याच सभेला गेले असते. पण फॉसेट समितीपुढे दरपत्रकाची चिरफाड करायला नुसती सभा पुरली नसती, हेही तितकेच खरे.

१९२९ च्या अखेरीस नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस फुटली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. सरकारने नेमलेल्या शाही कामगार आयोगावर बहिष्कार घालावा, असा बहुमताचा कौल झाला; जोशी स्वतः त्या आयोगाचे सभासद होते. ते आणि व्ही. व्ही. गिरी वगैरे मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. जी संस्था उभी करण्यासाठी दहा वर्षे घालवली, तीच सोडून जाताना त्यांना काय वाटले असेल? व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील अनेक कायद्यांचा पाया त्यात आहे. १९३४ चा कारखाना कायदा होऊन दिवसाचे तास दहा व आठवड्याचे चौपन्न झाले. १९३६ मध्ये वेतन प्रदान कायदा आला. पगार ठरावीक मुदतीत द्यावा आणि दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त नसावा, असे त्यात ठरले. अर्धा आणा ही रक्कम आज हसण्यासारखी वाटते. परंतु तोवर दंडाला सीमाच नव्हती.

जोशी गोलमेज परिषदांनाही कामगारांच्या वतीने गेले. तो भाग येथे विस्ताराने सांगत नाही. फुटलेल्या संघटना १९४० पर्यंत पुन्हा एकत्र आल्या आणि एके काळी ज्यांनी त्यांना मवाळ म्हणून हिणवले होते, त्यांच्यासह सर्वांनी सरचिटणीस म्हणून जोशी यांनाच निवडले. १९४८ पर्यंत ते त्या जागेवर होते. याच काळात, १९४७ मध्ये, औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या कापडगिरण्यांत प्रमाणित दर अखेर लागू झाले. सव्वीस दिवसांच्या कामाला किमान मूळ पगार तीस रुपये आणि वर महागाईभत्ता. मालक व कामगार दोघांनीही १९२८ मध्ये मान्य केलेली गोष्ट प्रत्यक्षात यायला एकोणीस वर्षे लागली. तोपर्यंत गिरणीत चाकरी करणारी एक पिढी निवृत्त होऊन गावी गेली असेल.

३० मे १९५५ रोजी जोशी वारले. मालमत्ता म्हणावी असे काही साठवण्याचे व्रत त्यांनी घेतलेलेच नव्हते. ज्या गिरण्यांच्या दरपत्रकांवर त्यांनी डोळे फोडले, त्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या आणि पुष्कळशा जागांवर आता उंच इमारती आहेत. माग मात्र थांबलेले नाहीत. ते भिवंडीला, इचलकरंजीला आणि आमच्या मालेगावला आले आहेत, लहान लहान छपरांखाली. तेथे चात्यांचे तक्ते नाहीत आणि फॉसेट समितीही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत हा लेख लिहिताना १९२८ च्या मागण्यांतल्या काही मी वडिलांना वाचून दाखवल्या. तीन मागांच्या पद्धतीविरुद्धची मागणी ऐकून ते हसले, कारण ते आठ चालवतात. खराब कापडाच्या किमतीची मागणी मात्र त्यांनी मला पुन्हा एकदा वाचायला सांगितली.